नॉर्वेचा खोत

आमच्या घरात नॉर्वेचा खोत आला तो नवऱ्याच्या जेवणाच्या डब्यामुळे. नवरा दुबईत, जुमेरा लेक टॉवर्समधल्या एका कंपनीत जहाजांचे सुटे भाग इकडून तिकडे पाठवण्याचं काम बघायचा. त्याचा साहेब नॉर्वेचा. उंच, हडकुळा, आणि बोलण्यात इतका कंजूष की सोमवारी एकदाच 'गुड मॉर्निंग' म्हणून त्यात आठवडा भागवायचा. हा माणूस रोज दुपारी उभ्याउभ्या थंडगार सँडविच खातो, असं नवऱ्याने घरी सांगितलं आणि मला काही राहवेना. माझं अल मनखूलमध्ये एक छोटं किचन आहे, रीतसर लायसन्सवालं. पिठलं-भाकरीपासून उकडीच्या मोदकांपर्यंत सगळं ऑर्डरप्रमाणे करून देते. दुसऱ्या दिवसापासून नवऱ्याच्या डब्यात दोन थालीपिठं आणि लोण्याचा गोळा जास्तीचा जायला लागला.

लोणी पाहिलं आणि साहेबाला कंठ फुटला. त्याच्या गावाकडे पाच-साडेपाचशे वर्षांपूर्वी एक मोठा जमीनदार होऊन गेला म्हणे, सरदार घराण्यातला, आणि त्याची कुळं त्याला खंड म्हणून लोणी घालायची. साहेब त्या दिवशी पूर्ण लंच टाइम बोलला. नवरा संध्याकाळी शारजाला, अल मजाजच्या घरी परतला तो ट्रॅफिकबद्दल एक अक्षरही न काढता. इतक्या वर्षांच्या संसारात असं कधी झालं नव्हतं, त्यामुळे मी आधी त्याच्या कपाळाला हात लावून बघितला.

"अगं, त्या माणसाची चाळीसेक ठिकाणी जमीन होती," तो बूट काढता काढता म्हणाला. "आणि अख्खी एकही नाही. इथे पाव हिस्सा, तिथे निम्मा, कुठे नुसता एक अष्टमांश. काही आईकडून, काही मामाकडून, काही लग्नात मिळालेली. म्हणजे बघ, अगदी आपल्यासारखं."

आपल्यासारखं म्हणजे कोकणातल्या आमच्या सामाईक जमिनीसारखं. तिच्यात नवऱ्याचा जो हिस्सा आहे त्यावर खाट टाकली तर खाटेचे दोन पाय चुलतभावाच्या हद्दीत जातील. पण नवऱ्याला त्या सरदाराशी सोयरीक जुळल्याचा आनंद झाला होता. तिथल्या लोकांना हा माणूस कळायचा नाही, हा आमच्याकडचा खोत आहे, असं त्याने जाहीर करून टाकलं आणि त्या दिवसापासून आमच्या घरात त्याचं नाव खोत पडलं.

साहेबाने मग त्याला आपल्या गावच्या म्युझियमची इंग्रजी पुस्तिका आणून दिली. नवरा ती जेवताना मोठ्याने वाचायचा. खोताच्या जन्माआधी तिकडे मोठी साथ येऊन गेली होती आणि गावंच्या गावं ओस पडली होती. जमीन उदंड, कसायला माणूस नाही. राजा होता तो लांब डेन्मार्कात. खोत राजाच्या मंडळात बसायचा, सही म्हणून मेणावर शिक्का उठवायचा आणि वर्षभर घोड्यावरून आपल्या शेतांवर फिरायचा. ज्या शेतावर जाईल तिथल्या कुळाकडचा खंड तिथेच बसून खायचा आणि संपला की पुढच्या शेतावर. शेजाऱ्याशी नदीतल्या माशांवरून त्याचा खटला चालला होता, तो दोघं म्हातारे होईपर्यंत चालला. लढाईला तो आयुष्यात एकदाच निघाला आणि बर्फात अडकून पोचला तेव्हा तह झालेला होता.

"बाबा, ही इज लिटरली जस्ट अ लँडलॉर्ड," आमची मुलगी म्हणाली. ती बारावीत होती आणि मराठी समजत असूनही उत्तर इंग्रजीतच द्यायची.

"आपल्या बिल्डिंगचा लँडलॉर्ड घोड्यावरून येतो का कधी?" नवरा म्हणाला. "तो फक्त रेंट वाढवायचा ईमेल पाठवतो."

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण नवऱ्याला जूनमध्ये साठ वर्षं पूर्ण होणार होती. कंपनी निरोप देणार, आणि इथे नोकरी गेली की नोकरीवरचा व्हिसाही जातो, मग तुम्ही तीस वर्षं राहिलेले असा नाहीतर तीन. नवऱ्याने गुहागरच्या बाजूला एक आंब्याची बाग हेरून ठेवली होती. बागेचा मालक त्याला रोज व्हॉट्सअ‍ॅपवर कलमांचे फोटो पाठवायचा, सकाळच्या उन्हातले, संध्याकाळच्या उन्हातले. नवऱ्याचं म्हणणं, दोघांनी जायचं, बागेत घर बांधायचं, आणि माझं किचन कुणाला तरी चालवायला द्यायचं.

माझं म्हणणं सरळ होतं. ते किचन मी एका स्टोव्हवर सुरू केलं होतं. मला माझ्या लायसन्सवर माझा स्वतःचा व्हिसा होता आणि त्यावर मी नवऱ्याला स्पॉन्सर करू शकत होते. कागद दिले की काम झालं.

"बायकोच्या व्हिसावर?" नवरा म्हणाला. "लोक काय म्हणतील?"

"लोक काही म्हणणार नाहीत. ज्याला त्याला स्वतःच्या व्हिसाची पडलीय."

"आणि मी दिवसभर करू काय? तुझे कांदे चिरू?"

"चिरा की. तुमच्या कांद्याला सारखेपणा आहे."

यावर तो रागावून बाल्कनीत जायचा आणि खालच्या तळ्याकडे बघत उभा राहायचा. मी रागावून भांडी घासायला घ्यायचे, जी आमच्या मशीनमध्ये आधीच घासून झालेली असायची. मुलगी हेडफोन लावायची. असं त्या हिवाळ्यात किती वेळा झालं असेल कुणास ठाऊक.

त्यातच मराठी मंडळाच्या वार्षिक नाटकाची मीटिंग आली. आमचं मंडळ दरवर्षी ऐतिहासिक नाटक करतं, कारण आमच्याकडे तलवारी आहेत. एका ट्रंकेत बारा तलवारी, ढाली, अंगरखे आणि एक खरी तुतारी आहे, आणि एवढं सामान असताना सामाजिक नाटक करणं दिग्दर्शकांना उधळपट्टी वाटते. दिग्दर्शक म्हणजे सत्तरीला टेकलेले एक काका, एसीच्या डक्टचं कॉन्ट्रॅक्ट घेतात. त्यांच्या गोदामातच आमच्या तालमी होतात. त्या मीटिंगमध्ये नवरा उठला आणि म्हणाला की या वर्षी आपण नॉर्वेच्या एका सरदाराचं चरित्र करू, संहिता मी लिहितो.

मग एकाने विचारलं, "पण नॉर्वेच का?"

नवऱ्याने सांगितलं की विषय नॉर्वेचा असेल तर त्याचा साहेब हॉलचं भाडं स्वतःच्या खिशातून भरायला तयार आहे. खजिनदारांनी भाड्याचा आकडा आधी दिरहॅममध्ये सांगितला, मग मनातल्या मनात गुणाकार करून रुपयांत सांगितला, आणि नॉर्वे व महाराष्ट्र यांच्यात किती साम्य आहे हे एकदम सगळ्यांच्याच लक्षात आलं.

दिग्दर्शकांची एकच अट होती. "लढाई पाहिजे. बिना लढाईचं मी काही करत नाही. खलास."

"पण तो लढाईला पोचलाच नव्हता हो."

"तुमचा पोचला नसेल. आमचा पोचेल."

शेवटी माशांच्या खटल्याची लढाई करायचं ठरलं. खोत आणि त्याचा शेजारी, दोघांचे सहा-सहा मावळे, नदीत उतरून लढणार. नदी म्हणून निळी ताडपत्री. मावळे हा शब्द नवऱ्याने संहितेत कुठेही लिहिला नव्हता, पण तालमीत सगळे तोच म्हणायचे आणि काही उपाय नव्हता.

खोताचं काम अर्थातच नवऱ्याने घेतलं. एवढ्या वर्षांत मंडळाने त्याला भालदार, दुसरा पहारेकरी आणि एकदा नुसतं प्रेत असं काय काय केलं होतं. आता भाडं त्याच्या साहेबाचं, संहिता त्याची, मग कोण नाही म्हणणार? अंगरख्यांना खोट्या फरच्या कॉलरी लागल्या. मी हे मान्य करते की तो त्यात रुबाबदार दिसायचा. वाईट एवढंच की ते काम तो घरी घेऊन येऊ लागला. एका सकाळी मला स्वयंपाकघरात ऐकू आलं, "कोण आहे रे तिकडे? आमचा चहा आणा."

"इथे कुणी नाही," मी म्हटलं. "मीच आहे, आणि माझ्या मोदकांना वाफ आलीय."

खोताच्या बायकोचं काम आमच्या खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंना मिळालं. बाई गोड, आवाज चांगला, पण क्लिनिकमधून वेळ मिळेल तर शपथ. पाठांतर शून्य. आता पाठांतर आमच्याकडे तसं कुणाचंच नसतं. सगळे नोकरीधंद्याचे लोक, संहिता गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवली की ती आपोआप डोक्यात जाते अशी त्यांची समजूत. म्हणून आमचं नाटक चालतं ते विंगेतून. तिथे मी असते. कित्येक वर्षं मी मंडळाची प्रॉम्प्टर आहे. मी हळू म्हणायचं, स्टेजवरच्याने मोठ्याने. इतकी सवय झालीय की माझ्या तोंडून जे निघेल ते स्टेजवर पोचतं. एका तालमीत डॉक्टरीणबाईंची ओढणी डक्टच्या पत्र्यात अडकली. मी विंगेतून म्हटलं, "अहो, ओढणी अडकलीय पत्र्याला." बाईंनी लगेच हात जोडले आणि नवऱ्याकडे डोळे भरून बघत म्हटलं, "स्वामी, ओढणी अडकलीय पत्र्याला."

नवऱ्याने छाती पुढे काढली. "आम्ही सोडवू," तो म्हणाला.

दिग्दर्शक म्हणाले, छान आहे, ठेवा. मोठ्या मुश्किलीने ते काढायला लावलं.

माझ्या डोक्यात तिडीक गेली ती शेवटच्या प्रवेशाने. त्यात खोत म्हातारा झालेला आहे. राजाचं मंडळ सोडून तो बायकोला म्हणतो, "चला, आता दुसऱ्याची चाकरी पुरे झाली. वरच्या खोऱ्यात आपली स्वतःची जमीन आहे. तिथे झाडं लावू, तिथेच डोळे मिटू." आणि बायको म्हणते, "तुम्ही न्याल तिथे येईन, स्वामी." पडदा.

हे वाक्य घरात मिळत नव्हतं म्हणून नवऱ्याने ते दुसऱ्याच्या बायकोच्या तोंडी घातलं होतं. आणि डॉक्टरीणबाईंना ते कधीच आठवायचं नाही. त्यामुळे प्रत्येक तालमीत ते वाक्य आधी मला म्हणावं लागायचं, विंगेत बसून, दात-ओठ खात. तुम्ही न्याल तिथे येईन, स्वामी. बाई ते गोड आवाजात म्हणायच्या, आणि नवरा असा काही तृप्त दिसायचा की मला ती संहिता त्याच्या फरच्या कॉलरीत कोंबावीशी वाटायची.

नाटकाच्या आदल्या आठवड्यात साहेब स्वतः माझ्या किचनमध्ये आला. त्याला लोणी कसं काढतात ते बघायचं होतं. आम्ही इंग्रजीतच बोलत होतो. मी त्याला रवी दाखवली, ताक दिलं, गरम थालीपीठ दिलं आणि त्यावर लोण्याचा चांगला मोठा गोळा ठेवला. तो स्टीलच्या टेबलाशी उभा राहून खात होता.

"तुम्ही त्या सरदाराचे वंशज ना?" मी विचारलं. नवऱ्याने सगळीकडे तसंच सांगितलं होतं.

"छे," तो म्हणाला. "आम्ही त्याची कुळं. आमच्या घराण्याने त्याला वर्षानुवर्षं लोणी घातलं." त्याने ताटलीकडे बघितलं. "आता कुठे थोडं परत मिळतंय."

एवढ्या वर्षांत त्याने केलेला हा एकच विनोद असावा, कारण तो केल्यावर तो स्वतःच जरा घाबरला. मी त्याला आणखी एक थालीपीठ वाढलं. मग त्याने विचारलं की नाटकाचा शेवट काय केलाय, आणि मी सांगितलं की दोघं वरच्या जमिनीवर राहायला जातात.

"पण ती गेली नव्हती," तो म्हणाला. "त्या पुस्तिकेत नाही, पण आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. आमच्याकडे तेव्हा रीत होती, लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नवऱ्याने बायकोला काहीतरी द्यायचं, आणि ते कायमचं तिचं. त्याने तिला खाडीकाठचं एक शेत दिलं होतं. ते तिने स्वतः चालवलं. कोठाराच्या किल्ल्या कमरेला असायच्या तिच्या. तो म्हातारपणी वर गेला, एकटा. एक हिवाळा काढला तिथे."

"आणि मग?"

"मग खाली आला. पुरलाय तो तिच्या शेताजवळच्या चर्चमध्ये."

हे मी त्याच संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं, तो गाडी पार्क करत असतानाच. तो म्हणाला, "असेल तसं. पण स्टेजवर ते चालत नाही. पब्लिकला गोड शेवट लागतो."

"पब्लिकला की तुम्हाला?"

"तू प्रॉम्प्टर आहेस ना? मग लिहिलंय तेवढं म्हण."

हे तो बोलला नसता तर पुढचं काही झालं नसतं असं मला आजही वाटतं.

नाटकाच्या दिवशी हॉल भरला. इथल्या हॉलमधले एसी असे लावतात की माणसं मे महिन्यातसुद्धा शाली घेऊन येतात. प्रेक्षक कुडकुडत बसले होते आणि स्टेजवर फक्त फरवाले सुखात होते. त्यामुळे नॉर्वेचं वातावरण फुकटात तयार झालं. तुतारी वाजली, टाळ्या पडल्या. साहेब पहिल्या रांगेत ताठ बसला होता आणि शेजारी आमची मुलगी त्याला इंग्रजीत सांगत होती. माशांची लढाई ठरल्यापेक्षा जास्त लांबली, कारण शेजाऱ्याच्या बाजूचा एक जण ताडपत्रीवर घसरला आणि त्याला मरायचं नसतानाही मरावं लागलं. खोताचा खटला, खोताचं लग्न, खोताचा मेणाचा शिक्का, सगळं पार पडलं. नवरा खरंच चांगलं काम करत होता. मला त्याला एकही वाक्य द्यावं लागलं नाही. संहिता त्याचीच होती म्हणून असेल, किंवा त्यातलं प्रत्येक वाक्य त्याला मनापासून म्हणायचं होतं म्हणून असेल.

शेवटचा प्रवेश आला. पांढरी दाढी लावून, काठी टेकत खोत उभा. शेजारी डॉक्टरीणबाई. नवऱ्याने म्हटलं, "चला, आता दुसऱ्याची चाकरी पुरे झाली." काठीने त्याने वर कुठेतरी दाखवलं. "वरच्या खोऱ्यात आपली स्वतःची जमीन आहे. तिथे झाडं लावू. तिथेच डोळे मिटू."

डॉक्टरीणबाईंनी तोंड उघडलं, मिटलं, आणि नेहमीप्रमाणे विंगेकडे बघितलं.

संहिता माझ्या मांडीवर उघडी होती. त्यातलं वाक्य मला झोपेतही म्हणता आलं असतं. ते मी म्हटलं नाही. मला याचा त्या दिवशीही पश्चात्ताप झाला नाही आणि आजही नाही, कारण इतिहास माझ्या बाजूने होता. मी म्हटलं, "मी नाही येणार. माझं घर इथे आहे, माझ्या किल्ल्या इथे आहेत."

बाईंनी हात जोडले आणि गोड आवाजात, शेवटच्या रांगेपर्यंत जाईल असं म्हटलं, "मी नाही येणार, स्वामी. माझं घर इथे आहे, माझ्या किल्ल्या इथे आहेत."

'स्वामी' त्यांनी पदरचा घातला.

नवरा त्यांच्याकडे बघत राहिला. मग त्याने विंगेकडे बघितलं. त्या दाढीच्या वर त्याचे डोळे मला दिसले. मला वाटलं होतं तो चिडेल, काहीतरी खोताच्या थाटात ठोकून देईल आणि पडदा पडेल. पण तो चिडलेला नव्हता. बस स्टॉपवर समोरून बस न थांबता निघून जावी तेव्हा माणूस दिसतो तसा दिसत होता.

"मग मी जाऊ कुठे?" तो म्हणाला. इतका वेळ नाटकी 'आम्ही' चाललं होतं, ते गेलं. आवाजही घरातला झाला. "सांग ना. जन्मभर दुसऱ्याच्या जागेत राहिलो. दरवर्षी रिन्यू केलं. दरवर्षी वाटायचं, या खेपेला नाही म्हणाले तर? मला रुबाब नकोय गं. मला एक जागा पाहिजे, बसायला. जिथून मला कुणी ऊठ म्हणणार नाही."

त्या हॉलमध्ये चारशे माणसं होती आणि त्यातल्या एकाच्याही पायाखालची जमीन त्याच्या मालकीची नव्हती. पुढच्या रांगांत कुणीतरी नाक ओढलं, ते एसीमुळे नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी पुन्हा माझ्याकडे बघितलं. समोरच्या विंगेतून दिग्दर्शक दोन्ही हातांनी खुणा करत होते, "लाइन दे, यल्ला, लवकर, लाइन दे." माझ्याकडे लाइन नव्हती. माझ्या मांडीवर पूर्ण संहिता होती आणि तिच्यात या प्रश्नाला उत्तर नव्हतं. मी त्या हिवाळ्यात त्याला बागेविरुद्ध पन्नास कारणं ऐकवली असतील, भाव, पाणी, माकडं, चुलतभाऊ. मला वाटत होतं की ह्याला गावात मिरवायचं आहे. त्याला नुसती बसायला जागा हवीय हे मला त्याने कधी सांगितलंच नव्हतं, आणि मी बाल्कनीत जाऊन कधी विचारलंही नव्हतं.

मी बसले होते ते लाल प्लास्टिकचं स्टूल होतं, माझ्या किचनमधूनच आणलेलं. ते उचललं आणि मी सरळ स्टेजवर गेले. अंगावर साधा पंजाबी ड्रेस, गळ्यात चष्म्याची साखळी. नॉर्वेच्या इतिहासात मला काही जागा नव्हती. पण मी ते स्टूल त्याच्या पायाशी ठेवलं.

"बसा," मी म्हटलं.

तो म्हणाला, "हे स्टूल तुझंय."

"म्हणून तर म्हणते, बसा."

तो बसला. फर, दाढी, काठी, सगळ्यासकट चाळीस जमिनींचा मालक त्या लाल स्टुलावर बसला, आणि मी त्याच्या शेजारी उभी राहिले कारण स्टूल एकच होतं. डॉक्टरीणबाईंना काय करावं कळेना, म्हणून त्यांनी आम्हा दोघांना नमस्कार केला. दिग्दर्शकांनी पडदा ओढला.

टाळ्या थांबेनात. दिग्दर्शक आधी माझ्यावर धावून आले, पण तेवढ्यात दोन-तीन जणांनी येऊन शेवट फार आधुनिक केलात म्हणून त्यांचा हात हातात घेतला, आणि तेव्हापासून तो शेवट त्यांना तिसऱ्या तालमीतच सुचला होता. साहेब आत आला. त्याने नवऱ्याशी हात मिळवला, माझ्याशी मिळवला, आणि म्हणाला, "तेव्हा प्लास्टिक नव्हतं. बाकी सगळं बरोबर होतं."

घरी जाताना गाडीत मुलगी मागे बसली होती. ती म्हणाली, "आई, दॅट वॉज सो एम्बॅरसिंग." मग थोड्या वेळाने, अल मजाजचे दिवे दिसायला लागल्यावर, तिने मागून हात पुढे करून बाबाच्या दाढीचा राहिलेला एक केस हळूच काढला आणि मराठीत म्हणाली, "चांगलं केलंत, बाबा."

बागेचा विषय संपला असं मी म्हणणार नाही. तो माणूस अजून फोटो पाठवतो, हल्ली मोहोराचे पाठवतो, आणि नवरा ते मला दाखवतो. मीही आता चष्मा लावून नीट बघते. दोन-चार कलमांची जागा घ्यायची, सुट्टीला जायचं, असं काहीतरी आमचं बोलणं होतं. कांदे तो अजून चिरत नाही. ऑर्डरींचे फोन घेतो, आणि गिऱ्हाइकाला मोदक हवे असले तर आधी पाच मिनिटं कोकणाची माहिती देतो.

जूनच्या शेवटी आम्ही व्हिसाच्या कामाला गेलो. गर्दी होती. आमचा नंबर लागेपर्यंत नवरा टोकनची चिठ्ठी चाळवत बसला, आणि मी मनात तयारी ठेवली होती की जे काय सांगायचं ते मीच सांगेन, त्याला तोंड उघडायला लागू नये. काउंटरवरची मुलगी हैदराबादची असावी. तिने स्क्रीनवरून नजर न काढता विचारलं, "स्पॉन्सर कौन?"

मी काही बोलायच्या आत नवरा म्हणाला, "मेरी वाइफ." आणि हे इतक्या खणखणीत आवाजात की शेजारच्या काउंटरवरचे दोन जण वळून बघायला लागले.

मुलीने टाइप केलं. "और आप? आप काम क्या करते हैं, अंकल?"

"कुछ नहीं," नवरा म्हणाला. "इनके साथ रहता हूँ."